दानाचा कागद फक्त विद्यापीठाकडेच असतो असं नाही

पत्र : ‘आमच्या आजोबांनी १९७३ च्या सुमारास गावची साडेनऊ एकर जमीन विद्यापीठाला दान दिली, असं घरात लहानपणापासून ऐकत आलो. सातबारावर विद्यापीठाचं नाव आहे, पण क्षेत्र ४ हेक्टर ५२ आर लागलंय. आता रस्त्याकडचा तुकडा एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीनं भाड्यानं देणार असं कळलं. मी माहिती अधिकारात अर्ज केला. विचारलं की दानपत्रात काय अटी होत्या, त्या का पाळल्या नाहीत आणि जमीन कंपनीला का देताय. तीन आठवड्यांपूर्वी उत्तर आलं : “मूळ दस्त अभिलेखात आढळून येत नाही. उर्वरित माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही.” चुलतभाऊ म्हणतो जमीनच परत मिळवू, त्यासाठी एका माणसाला कुलमुखत्यारपत्र देऊ. काका म्हणतात, दिलेलं परत मागणं आपल्या घराला शोभत नाही. मला निदान तो कागद बघायचा आहे. काय करू?’

आधी तारीख बघा. जन माहिती अधिकाऱ्याचं उत्तर हाती पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं. तीन आठवडे गेलेत, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरलाय. म्हणून एवढा भाग तुम्हाला आधीच कळवला होता. इथे देतोय तो अशाच अवस्थेत असलेल्या इतरांसाठी. जोडपत्र ‘ब’च्या नमुन्यात अपील लिहायचं, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विद्यापीठाच्याच प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यायची. मुदत हुकलीच तर सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ती वेळ येऊ देऊ नका.

अपिलात काय लिहायचं? ‘आढळून येत नाही’ हे माहिती नाकारण्याचं कारणच नाही. कायद्याच्या कलम ८ मध्ये नाकारण्याची कारणं एकेक करून दिली आहेत, त्यात ‘सापडत नाही’ कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय : एकेकाळी कार्यालयात असलेला कागद सापडत नसेल तर कसून शोध घ्यायला हवा आणि जबाबदारी ठरवायला हवी. नाहीतर नको असलेला प्रत्येक कागद ‘गहाळ’ होत राहील. महाराष्ट्रात तर २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे. त्यातल्या तरतुदी मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा अपिलात मागणी करा की शोध कोणी, कोणत्या कक्षात, कोणत्या तारखेला घेतला याचा लेखी अहवाल द्यावा. या एका वाक्यावर कपाटं उघडतात असा माझा अनुभव आहे.

‘त्रयस्थ पक्ष’ हा दुसरा बहाणा. कलम ११ ही नकार देण्याची परवानगी नाही, ती एक कार्यपद्धती आहे. माहिती त्रयस्थानं गोपनीय म्हणून दिलेली असेल तर त्याला पाच दिवसांत नोटीस द्यायची, म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, मग निर्णय करायचा. इथे नोटीस कोणाला दिली? आणि १९७३ च्या दानातला त्रयस्थ म्हणजे कोण, तुमचे आजोबाच ना? हे जसंच्या तसं लिहा.

आता तुमच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार. कलम ८ चं पोटकलम ३ म्हणतं की अर्जाच्या तारखेच्या २० वर्षं आधी घडलेल्या गोष्टीची माहिती द्यावीच लागते. अपवाद फक्त तीन : देशाची सुरक्षा व तत्सम हितसंबंध, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. दानपत्र या तिन्हीत बसत नाही. व्यक्तिगत माहिती, व्यापारी गुपित, विश्वासाच्या नात्यातून मिळालेली माहिती ही बाकीची कारणं २० वर्षांपलीकडे चालत नाहीत. हे आज जास्त महत्त्वाचं झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती लागू झाली आणि ‘व्यक्तिगत माहिती’ हे कारण पूर्वीपेक्षा फार सैल झालं. जमिनीच्या कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच, त्यामुळे हे कारण आता सर्रास पुढे केलं जाणार. ५० वर्षांपूर्वीच्या कागदाला मात्र ते लागू होत नाही.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुमचा अर्जच कच्चा होता. ‘अटी का पाळल्या नाहीत’, ‘जमीन का देताय’ असे प्रश्न माहिती अधिकारात बसत नाहीत. कार्यालयात जे कागदावर आहे तेवढंच मागता येतं. ‘का’ विचारलं तर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच सांगून ठेवलंय. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्दांत मांडायचा. तुम्ही दानाची आणि कंपनीची अशा दोन विषयांची गाठ मारली आणि त्यांना एका ओळीत दोन्ही उडवता आले. अपील करा, आणि सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र ‘अ’मध्ये नवा अर्जही टाका. साधारण असा :

‘विषय : मौजे ___ येथील गट नं. ___ (जुना स.नं. ___) ही जमीन विद्यापीठाकडे आल्याबाबतचे कागद. कालावधी : १ जानेवारी १९७० ते ३१ डिसेंबर १९७६. पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात : (१) जमीन स्वीकारण्याबाबत तत्कालीन कार्यकारी परिषदेचा ठराव व त्या विषयावरील टिपणी, (२) स्थावर मालमत्ता नोंदवहीतील या जमिनीच्या नोंदीचे पान, (३) ताबा पावती व मोजणी नकाशा, (४) संबंधित धारिका ज्या अभिलेख सूचीत नोंदली आहे त्या सूचीचे पान, (५) धारिका नष्ट केली असल्यास नष्टीकरणाचा आदेश व नष्ट केलेल्या धारिकांची यादी.’

यातला चौथा आणि पाचवा मुद्दा मुद्दाम घातलाय. धारिका, म्हणजे फाइल, सापडत नाही म्हणणाऱ्याला सूची दाखवावी लागते, आणि नष्ट केली म्हणणाऱ्याला आदेश. जमिनीच्या मालकीचे कागद ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जपायच्या अभिलेखात मोडतात. ते पाच-दहा वर्षांनी रद्दीत घालता येत नाहीत. कार्यकारी परिषद असं मी जुन्या काळच्या हिशेबानं लिहिलंय. आताच्या अकृषी विद्यापीठांत तिच्या जागी व्यवस्थापन परिषद आहे. नव्या नावानं १९७३ चा ठराव मागितलात तर ‘असा ठराव नाही’ असं उत्तर येईल, आणि ते खरंही असेल!

हे झालं विद्यापीठाचं. पण त्याच्या दाराशीच बसून राहू नका. प्रथम अपिलाचा निकाल ३० ते ४५ दिवसांत यायला हवा. पुढे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरं अपील करता येतं, पण आयोगात सुनावणी कधी लागेल याचा भरवसा देता येत नाही. तोवर तोच कागद दुसरीकडून काढता येतो.

कुठून? दुय्यम निबंधकाकडून. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्तानंच व्हावं लागतं. त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. ही अट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली, कलम १२३. नोंदलेल्या दस्ताची नक्कल निबंधकाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये राहते आणि नोंदणी कायद्याचं कलम ५७ सांगतं की हे पुस्तक कोणीही पाहू शकतो, नक्कल कोणीही मागू शकतो. नातं सांगावं लागत नाही, हेतू सांगावा लागत नाही, माहिती अधिकाराचीही गरज नाही. शोध फी भरा आणि सूची १ (नावानुसार) व सूची २ (गावानुसार) दोन्ही बघा. १९७१ पासून १९७६ पर्यंत बघा, कारण घरात सांगितलं जाणारं साल आणि दस्तावरचं साल क्वचितच जुळतं. तालुक्याला सापडलं नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयातही शोध घ्या. मोठ्या संस्थांचे दस्त तिथे नोंदलेले सापडतात.

त्याच फेरीत तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागा. जुन्या हस्तलिखित सातबारावर विद्यापीठाच्या नावाशेजारी वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक. ती नोंद हातात आली की दुसरा रकाना सावकाश वाचा. तिथे ‘रजि. बक्षीसपत्र (म्हणजे नोंदणीकृत दानपत्र), दस्त क्र. अमुक, दिनांक अमुक’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं अर्धं काम झालं. तोच क्रमांक घेऊन निबंधकाकडे जायचं. पण ‘खातेदाराची वर्दी व जबाबावरून नाव दाखल’ एवढंच असेल तर प्रकरण वेगळं आहे. म्हणजे आजोबांनी तलाठ्यापुढे सांगितलं आणि नाव चढलं, नोंदणीकृत दस्त झालाच नसण्याची शक्यता आहे. शेवटच्या रकान्यात मंडल अधिकाऱ्याचा शेरा असतो, तोही सोडू नका. कधी कधी ‘मूळ कागद पाहिला’ एवढे तीन शब्द पन्नास वर्षांनी लाखमोलाचे ठरतात.

‘दान’ म्हणून घरात जे सांगतात ते कागदावर काहीही असू शकतं. बक्षीसपत्र, नाममात्र भाड्याचा पट्टा, ट्रस्टमार्फत दिलेली देणगी, जमिनीच्या बदल्यात जमीन, किंवा चक्क भूसंपादन. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाला राजा महेंद्र प्रताप यांनी जमीन ‘दान’ दिली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ती सुमारे तीन एकर जमीन १९२९ मध्ये ९० वर्षांच्या पट्ट्यानं, वर्षाला २ रुपये भाड्यानं दिलेली होती. मुदत संपली तेव्हा वाद उभा राहिला. पट्टा असेल तर तो संपतो. बक्षीसपत्र संपत नाही. भूसंपादन असेल तर जमीन सरकारजमा होऊन विद्यापीठाकडे आली, आणि जुन्या कायद्याखाली संपादित जमीन उरली तरी ती मूळ मालकाला परत करायची नाही, दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरायची किंवा लिलाव करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये म्हटलंय.

१९७३ या सालाबद्दल एक शंका बोलून दाखवतो, राग मानू नका. कमाल जमीन धारणेची मर्यादा खाली आणणारी दुरुस्ती महाराष्ट्रात २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाली. २६ सप्टेंबर १९७० नंतर तोवर झालेली हस्तांतरं मर्यादा चुकवण्यासाठीच झाली असं कायद्यानं गृहीत धरलं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी जमीनदाराची. आजोबांचा हेतू काय होता हे मी इथे बसून ठरवणार नाही, आणि आता त्यानं फारसं बिघडतही नाही. पण तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की त्यांची जमीन मर्यादेच्या आसपास असेल तर त्यांनी सीलिंगचं, म्हणजे या कमाल मर्यादेचं, विवरणपत्र भरलं असणार आणि त्या प्रकरणात विद्यापीठाला दिलेल्या जमिनीचा उल्लेख, कदाचित दस्ताची नक्कलसुद्धा, असणार. महसूल खात्याकडे ते प्रकरण मागा. तिकडे सहसा कोणी बघत नाही.

क्षेत्राचा घोळ. साडेनऊ एकर म्हणजे सुमारे ३ हेक्टर ८४ आर. सातबारावर ४ हेक्टर ५२ आर आहेत, म्हणजे साधारण ६७ गुंठे जास्त. विद्यापीठानं जमीन बळकावली असा निष्कर्ष लगेच काढू नका. घरात सांगताना पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, धरला नसेल. शेजाऱ्यानंही थोडी जमीन दिली असेल. किंवा एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट झाले तेव्हा दुसरा तुकडा त्यात मिसळला असेल. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडून योजनेचे ९(३) आणि ९(४) चे उतारे घ्या, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) घ्या आणि दस्तातल्या चतुःसीमा त्यांच्याशी ताडून बघा. नुसती लेखनातली किंवा संगणकीकरणातली चूक असेल तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करू शकतात. खरोखर तुमच्याच घराचा दुसरा तुकडा आत गेला असेल तर तो वाद १५५ मध्ये बसत नाही, तिथे वकील हवा. विश्वभारतीनं अमर्त्य सेन यांच्यावर १३ डेसिमल, म्हणजे एकराचा तेरा शतांश भाग, जादा बळकावल्याचा आरोप करून घर सोडायचा आदेश काढला होता; बीरभूमच्या जिल्हा न्यायालयानं तो जानेवारी २०२४ मध्ये रद्द केला. एवढ्याशा तुकड्यासाठी केवढा खटाटोप झाला ते बघा, आणि तुमचे तर ६७ गुंठे आहेत.

हेही ध्यानात असू द्या की सातबारा किंवा फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलासाठीची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात एवढंच. मालकी ठरते ती दिवाणी कोर्टात, दस्तावरून.

आता चुलतभावाचा प्रश्न. जमीन परत मिळेल का? सगळं दस्तातल्या एका परिच्छेदावर अवलंबून आहे. ‘शेती संशोधनासाठी दिली’ असं नुसतं प्रयोजन लिहिलेलं असेल तर ते प्रयोजन सोडलं म्हणून जमीन आपोआप परत येत नाही. ‘या कामासाठी न वापरल्यास जमीन माझ्याकडे वा माझ्या वारसांकडे परत यावी’ असं कलम असेल तर मात्र कायदा त्याकडे बघतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे देणारा आणि घेणारा मिळून असं ठरवू शकतात, अट एवढीच की ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ असं लिहिलेलं टिकत नाही. आणि मुदत : अटभंगावरून ताबा मागायचा तर अटभंग झाल्यापासून १२ वर्षं. तेव्हा पहिला भंग कधी झाला ते शोधा. त्या जमिनीवर पंधरा वर्षांपूर्वीच पेट्रोल पंप उभा राहिला असेल आणि कोणी काही बोललं नसेल, तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार.

नोंदणीकृत दस्त झालाच नव्हता असं निघालं तरी हुरळून जाऊ नका. विद्यापीठ पन्नास वर्षं उघडपणे कब्जात आहे, आजोबांनी हयातीत हरकत घेतली नाही, हे सगळं कोर्टापुढे येईल. त्या लढाईत तुमच्या घरच्या दोन पिढ्या अडकतील. काका म्हणतात त्यात मला अर्धं पटतं : दिलेलं परत मागू नका. पण दिलेलं कसं वापरलं जातंय हे विचारणं म्हणजे परत मागणं नव्हे, एवढं त्यांना समजावून सांगा. कदाचित तेच पुढची सही करतील.

कंपनीच्या प्रकरणासाठी वेगळा अर्ज करा. हा विषय ताजा आहे, त्यामुळे २० वर्षांचं कलम इथे चालणार नाही आणि ‘व्यापारी गुपित’ पुढे केलं जाईल. म्हणून कंपनीचे दर-हिशेब मागू नका. त्या जमिनीबाबत व्यवस्थापन परिषदेचा ठराव, निविदा सूचना, राज्य शासनाकडे मंजुरीसाठी केलेला पत्रव्यवहार आणि शासनाचं उत्तर, इतकंच मागा. करारातला काही भाग खरोखर गोपनीय असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे तो झाकून बाकीचा द्यावा लागतो. दस्ताची नक्कल हाती आली आणि त्यात प्रयोजन स्पष्ट असेल, तर ती जोडून कुलगुरूंना आणि कुलपती म्हणून राज्यपालांना लेखी हरकत पाठवा, करार व्हायच्या आधी. झालेला करार मोडणं अवघड, होऊ घातलेला थांबवणं त्यामानानं सोपं. सगळ्यात परिणामकारक कागद बहुधा ही हरकतच ठरेल.

ज्यांचं प्रकरण खासगी संस्थेशी आहे त्यांच्यासाठी एक ओळ. ‘आम्हाला माहिती अधिकार लागू नाही’ असं उत्तर आलं तर संस्थेला सरकारकडून काय मिळालंय ते शोधा. डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं की सरकारनं फुकट किंवा मोठ्या सवलतीनं दिलेली जमीनसुद्धा ‘भरीव अर्थसाहाय्य’ ठरू शकते.

राहिलं कुलमुखत्यारपत्र. त्यावर सही करू नका. मसुदा पाठवायला सांगा आणि त्यात ‘विक्री’, ‘विकसन’, ‘तडजोड’ आणि ‘मोबदला स्वीकारणे’ हे शब्द आहेत का ते पाहा. सगळे असतील असं मला वाटतं. ‘जमीन सोडवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाचा व्यवहार बहुतेक वेळा असा असतो : वारसांच्या सह्या गोळा करायच्या, दावा टाकायचा, सातबारावर प्रलंबित दाव्याची नोंद करवून घ्यायची आणि मग विद्यापीठ किंवा कंपनी, जो घाईत असेल त्याच्याकडून दावा मागे घ्यायचे पैसे घ्यायचे. तुमच्या हाती त्यातलं किती येईल ते मसुद्यात कुठेच लिहिलेलं नसतं. चुलतभावानं आधीच सही केली असेल तर ती रद्द करता येते का हे ताबडतोब वकिलाला विचारा. त्या मुखत्यारपत्रावर त्यानं पैसे घेतलेत का, हेही त्याला सरळ विचारा. घेतले असतील तर रद्द करणं बरंच कठीण होतं.